खुलासा: अमेरिकेच्या व्हिसावर नायगाराची कॅनडाची बाजू पाहता येत नाही

नाशिकच्या ज्येष्ठ मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेचा व्हिसा असला की नायगाराची कॅनडाकडची बाजू एका दिवसात बघून येता येते, वेगळा व्हिसा नको.’ हे चूक आहे. भारतीय पासपोर्टवर तासाभरासाठी जायचं असलं तरी कॅनडाचा व्हिसा लागतोच.

दोन्ही देशांना जोडणारा रेनबो पूल चालत ओलांडता येतो, म्हणून गैरसमज होत असावा. पण पलीकडच्या टोकाला कॅनडाची तपासणी चौकी आहे. व्हिसा नसेल तर तिथून परत पाठवतात, आणि मग अमेरिकेच्या चौकीवर पुन्हा चौकशी. सत्तरीतल्या आईवडिलांना हा ताप कशाला? ग्रीन कार्डवाल्यांना मात्र पासपोर्ट आणि कार्ड पुरतं.

टूरच्या जाहिरातीत ‘दोन्ही बाजू’ असेल, तर पैसे भरण्याआधी व्हिसाचं विचारा. आणि व्हिसा नाही म्हणून हिरमुसू नका. अमेरिकेतल्याच गोट आयलंडवर, टेरापिन पॉइंटला कठड्याशी उभं राहिलं की सुमारे ५७ मीटरचा हॉर्सशू धबधबा शेजारीच कोसळतो. पावसाळ्यात नाशिकच्या सोमेश्वर धबधब्यापाशी भिजतो, त्याच्या कितीतरी पट तुषार. धबधब्याजवळ नेणारी ‘मेड ऑफ द मिस्ट’ बोटही अमेरिकेच्याच काठावरून सुटते.