बायोलॉजी घेतलंय? मग शुभा टोळे हे नाव माहीत असू द्या

कॉलेज रोडवर क्लासेसच्या फलकांवर जी हसरी मुलं दिसतात, ती सगळी 'नीट'वाली किंवा 'जेईई'वाली. नाशिकमध्ये बायोलॉजी घेतलं म्हणजे डॉक्टर व्हायचं, नंबर लागला नाही तर रिपीट करायचं. हे इतकं ठरून गेलंय की आणखी एखादी वाट असते, हे मुलांच्या कानावरही पडत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. तास संपल्यावर एखादी मुलगी मागे थांबते आणि विचारते, "मॅडम, सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग डोळ्याची पेशी डोळ्याचीच कशी होते?" मला मनापासून वाटतं, हिने संशोधनात जावं. पालकसभेत तिचे बाबा विचारतात, "पण त्यात पुढे काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या मुलीचा जो प्रश्न, तोच डॉ. शुभा टोळे यांच्या कामाचा गाभा. मुंबईच्या झेव्हियर्समधून पदवी, अमेरिकेतल्या कॅल्टेकमधून पीएचडी, शिकागोत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) आणि १९९९ पासून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा. गर्भात मेंदू घडतो कसा, हा त्यांचा विषय.

उंदराचा गर्भ दहा-साडेदहा दिवसांचा असतो, तेव्हा पुढे कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) होणारा भाग म्हणजे पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो. या पेशींमध्ये एलएचएक्स२ नावाचं जनुक चालू असेल, तर त्या कॉर्टेक्सच्या वाटेला लागतात. पापुद्र्याच्या कडेला मात्र एक अरुंद पट्टी असते, 'हेम'. तिथे हे जनुक बंद. ही पट्टी स्वतः कॉर्टेक्स होत नाही, पण शेजारच्या पेशींना रासायनिक संदेश देऊन त्यांच्याकडून हिप्पोकॅम्पस घडवून घेते. आपली स्मृती ज्याच्यावर विसंबून असते, तो हा भाग.

टोळे आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या संशोधन-पत्रिकेत जे छापलं, ते मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. काही पेशींत हे जनुक आहे, काहींत नाही, असे सरमिसळ मेंदूचे गर्भ त्यांनी तपासले. जिथे जिथे जनुक नसलेल्या पेशींचा पुंजका, तिथे तिथे हेम. आणि त्या पुंजक्यांना लागून, ज्यांच्यात काहीच बिघाड नाही अशा पेशींतून, हिप्पोकॅम्पस! मेंदूच्या एका बाजूला जो एकच असतो, तो अनेक ठिकाणी उगवलेला. पेशीचं भवितव्य तिच्या आतल्या जनुकावर जितकं, तितकंच शेजाऱ्यावर ठरतं, हे याहून लख्ख कुठे दिसणार?

आणि गर्भाची ती दहा-साडेदहा दिवसांची वेळ टळून गेल्यावर तेच जनुक काढलं, तर त्या पेशींचं हेम होत नाही. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कात्री तीच, वेलही तोच; पण एप्रिलच्या छाटणीने काडी तयार होते आणि ऑक्टोबरच्या छाटणीने घड येतो. पुढे २०११ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं की घडणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये हेच जनुक चेतापेशी बनत राहतील आणि ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) वेळेआधी बनणार नाहीत, हे सांभाळतं. मग २०१७ मध्ये कॉर्टेक्समध्ये कुठल्या प्रकारची चेतापेशी बनणार, यातही त्याचा हात निघाला. एकाच जनुकाचा असा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवणं, हीच मला या करिअरची खरी श्रीमंती वाटते. भटनागर पुरस्कार २०१० मध्ये मिळाला, इन्फोसिस पारितोषिक २०१४ मध्ये. ते ओघाने आलं.

"पण उपयोग काय?" यातून उद्या गोळी निघणार नाही, हे स्पष्ट सांगते. पण ऑटिझमशी ठळकपणे जोडली गेलेली बरीच जनुकं, उदाहरणार्थ सीएचडी८, डीएनएच्या गुंडाळ्या सैल-घट्ट करून दुसरी जनुकं कधी वाचली जावीत, हेच ठरवतात. निरोगी मेंदूत हे वेळापत्रक कसं चालतं ते कळल्याशिवाय बिघाड कुठे झाला ते शोधणार कसं?

आता बाबांच्या प्रश्नाकडे. बारावीनंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. बीएस्सी करूनही टीआयएफआरची जीवशास्त्राची परीक्षा देता येते. पीएचडी करताना केंद्र सरकारची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. वाट लांब आहे, कायमची नोकरी मिळायला तिशी उलटते, हेही मुलांना आधीच सांगायला हवं. पण लांब तर एमडीची वाटही आहे, तिथे आपण कुरकुर करत नाही.

घरात असं प्रश्न विचारणारं लेकरू असेल, तर 'नीट'च्या फॉर्मसोबत आयसरचाही फॉर्म भरू द्या. माहिती हवी असेल तर मेसेज करा, माझ्याकडे आहे तेवढी सगळी देते.