खुलासा: स्टोक रो गावची ‘महाराजांची विहीर’

‘काशीच्या राजाने इंग्लंडात जाऊन विहीर खोदली आणि तिच्यावर सोन्याचा हत्ती बसवला’ असा मजकूर फिरतो आहे. विहीर खरी आहे, बाकीचे दुरुस्त करायला हवे.

ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोक रो या खेड्यातली ही विहीर बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी पैसे देऊन बांधवली. ते स्वतः तिथे कधीच गेले नाहीत. दुवा होता एडवर्ड रीड. हे त्याच भागातले, भारतात अधिकारी. तिथल्या पाणीटंचाईची हकिकत त्यांनीच महाराजांना सांगितली होती. हे गाव ज्यांवर वसले आहे त्या चिल्टर्न टेकड्यांचा खडू-दगड पाणी शोषून खोल नेतो, वर उरतात ती गढूळ डबकी. म्हणूनच विहीर 368 फूट खोल न्यावी लागली. तोंड जेमतेम 4 फूट रुंद, आणि सगळी खोदाई हाताने. एवढ्या अरुंद जागेत, एवढ्या खोलवर उतरून ती खणणाऱ्या मजुरांचा त्या मजकुरात उल्लेखही नाही, याचे वाईट वाटते.

24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, ती खुली झाली. पाणी सर्वांना फुकट होते.

हत्ती सोन्याचा नाही, नुसता सोनेरी आहे. तो घुमटावर नाही, तर घुमटाखाली, पोहरा ओढायच्या यंत्रावर उभा आहे. फोटो नीट पाहिला तरी हे दिसते. शेजारी चेरीची बाग लावली होती, तिचे नाव ‘ईश्री बाग’. गावात नळ आल्यावर विहिरीचा वापर थांबला.