राणीछाप रुपया आणि लाखांच्या गप्पा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. देवघरातला राणीछाप रुपया लाखोंना जातो, सराफ नुसता चांदीचा भाव देऊन लुटतात, नाणं चकचकीत करून फोटो पाठवा आणि नोंदणीचे पैसे भरा.

आधी लाखांचं बघू. व्हिक्टोरिया राणीचे रुपये टांकसाळींनी कोट्यवधींनी पाडले. 1862 हे साल तर दशकभर नाण्यावर तसंच ठेवलं होतं, त्यामुळे त्या सालाचे रुपये घराघरांत निघतात. उलट सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया वयानं कितीतरी लहान, पण सहसा हाती लागत नाही, म्हणून संग्राहक त्याच्या मागं. आणि म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात.

सराफ लुटतो का? झिजलेल्या किंवा माळेत ओवायला कडी डाखलेल्या रुपयाला संग्राहक विचारत नाही. त्याला चांदीचाच भाव येणार, त्यात लूट कसली? हिशेब मात्र नीट करून घ्या. बंदा रुपया 11.66 ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे जेमतेम 10.69 ग्रॅम. 1940 ते 1945 चे रुपये वजनाला तेवढेच, पण युद्धकाळात चांदी निम्म्यावर आणलेली. 1947 चा रुपया निकेलचा, त्याला चांदीचा भाव मागायला जाऊ नका. आणखी एक गोम आहे. जुना तोळा म्हणजे या रुपयाचंच वजन. आज शहापूरच्या पेढीवर तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. 'तोळ्याचा रुपया' म्हणून तोंडी सौदा केलात तर दीड ग्रॅमवर माल फुकट गेला. काट्यावरचा आकडा बघूनच बोला.

चकचकीत करायचा सल्ला सगळ्यात वाईट. लक्ष्मीपूजनाआधी चिंच लावून घासलेला रुपया हातात घेऊन बघा: मुकुटाची नक्षी सपाट, झग्यावरची वेलबुट्टी पुसट. संग्राहक जास्तीचे पैसे देतो ते त्याच बारकाव्यांचे.

मेसेजसोबत 1818 सालचं, रामदरबाराचं पितळी नाणंही दाखवतात. ईस्ट इंडिया कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही.

राहिली नोंदणी. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही, आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घ्यायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय.