सोफ्याला मॅचिंग मासे

मासे घ्यायचं ठरलंय ना? मग आधी दिवाणखान्याच्या भिंतीचा शेड नंबर शोधून काढा. रंगाच्या डब्याच्या झाकणावर असतो. डबा भंगारात गेला असेल तर पेंटरला फोन लावा. मग सोफ्याचं कव्हर आणि पडदे ह्यांचा एकेक फोटो मोबाईलमध्ये घ्या आणि मगच दुकानाची पायरी चढा. मासा कुठल्या नदीतला, केवढा वाढतो, एकटा राहतो की टोळीनं, असले प्रश्न विचारणारे लोक असतात. ते तासभर उभे राहतात, दुकानदाराचं डोकं खातात आणि शेवटी दाण्यांची पुडी घेऊन घरी जातात. तुमच्याकडे शनिवारी पाहुणे यायचेत.

दुकान कुठलंही चालेल. मुंबईकर असाल तर क्रॉफर्ड मार्केट आहे, कुर्ला आहे. बाकी आता कुठल्याही गावात मोबाईल रिपेअरिंगच्या शेजारी एक फिशटँकवाला असतोच. आत शिरलात की खालच्या रांगेतल्या टाक्यांकडे ढुंकूनही बघू नका. तिथं गप्पी असतात. गप्पीच्या नराची शेपटी उपजतच रंगीत असते हे खरं, पण ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ असं भिंतींवर रंगवून जे मासे सरकार फुकट वाटतं, ते तुम्ही पाहुण्यांना कुठल्या तोंडानं दाखवणार?

निऑन टेट्राचाही मोह नको. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा दिसतो निळा झगझगीत, पण त्याच्या निळ्या पट्ट्यात रंग असा नसतोच. कातडीत बारीक चकत्या असतात आणि त्यांच्यावरून उजेड परतला की आपल्याला निळं दिसतं. रात्री दिवा मालवला की पट्टा फिका पडतो. म्हणजे मासा झोपला की रंगही झोपला. पैसे मोजायचे चोवीस तासांचे आणि रंग मिळायचा दिवसपाळीपुरता, हा कुठला व्यवहार?

तुम्ही सरळ त्या निळ्या लाईटच्या टाकीपुढे जाऊन उभे राहा. गुलाबी, पोपटी, जांभळे, केशरी मासे तिथं असे तळपत असतात की शेजारच्या शाळकरी पोराच्या हायलायटर पेनांची पेटी पाण्यात सांडली की काय, असं वाटावं. दुकानदार म्हणेल, “ग्लो आहेत साहेब, इंपोर्टेड. रंग जायचा नाही.” ह्यापुढे काही विचारू नका. तोही सांगणार नाही.

कुतूहल आवरतच नसेल तर मी सांगतो. 1962 साली ओसामु शिमोमुरा ह्या जपानी शास्त्रज्ञानं एका जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं काढलं. निळा उजेड पडला की ते हिरवा उजेड परत देतं. पुढे त्याचा जनुक दुसऱ्या जिवात घालायची युक्ती सापडली, पेशीत काय चाललंय ते बघता येऊ लागलं, आणि ह्या सगळ्यासाठी शिमोमुरांना आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दरम्यान 1999 च्या सुमारास सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झिब्रा डॅनियो ह्या चिमुकल्या माशाच्या अंड्यात हाच जनुक घातला गेला. हेतू उदात्त होता. पाण्यात विषारी द्रव्यं आली की मासा चमकावा आणि लोकांनी सावध व्हावं. आपण त्या बेतात थोडी सुधारणा केली. आता मासा बारा महिने चमकतो आणि पाण्याकडे कुणी बघतच नाही.

2003 संपता संपता अमेरिकेत हे मासे विकायला आले. लाल रंगाची सोय प्रवाळाच्या एका भाऊबंदाकडून झाली. मग एकेका छटेची बारशी झाली: स्टारफायर रेड, इलेक्ट्रिक ग्रीन, कॉस्मिक ब्लू, गॅलॅक्टिक पर्पल. ही नावं आणि पेंटच्या शेडकार्डावरची नावं ह्यांत फरक करता येत नाही, म्हणूनच मी तुम्हाला आधी शेड नंबर काढायला सांगितला.

ह्यातली सुखाची गोष्ट अशी की हा झिब्रा डॅनियो मूळचा आपल्याच उपखंडातला. 1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टन ह्या साहेबानं गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात ह्याची नोंद आहे. चंदेरी अंग, त्यावर निळ्या रेघा, बोटाच्या दीड पेराएवढा जीव. तो साधा डॅनियो त्याच दुकानात खालच्या टाकीत, चिल्लर भावात मिळतो आणि कुणी घेत नाही. सिंगापूरची हवा खाऊन आला की मात्र काचेला नाक लावून बघायचं. ही आपली जुनीच रीत आहे, तिला जागा.

आता कायद्याचं थोडंसं. घाबरू नका, दुकानदारही घाबरत नाही. आपल्याकडे 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे आणि त्याखाली 1989 चे नियम आहेत. जनुक बदललेला कुठलाही जीव आणायचा, वाढवायचा, विकायचा असेल तर दिल्लीतल्या समितीची मंजुरी लागते. चमकणाऱ्या माशांना अशी मंजुरी मिळालेली नाही. ही समिती भलतीच चिकित्सक. जनुक बदललेलं बीटी वांगं तिच्यापुढून कसंबसं पुढे सरकलं, तर फेब्रुवारी 2010 मध्ये पर्यावरणमंत्र्यांनीच ते अडवून ठेवलं. वांगं आपल्या जालन्याच्या कंपनीचं होतं. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी जाहीरपणे, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून, मंजुरी नसलेलं, जनुक बदलून तणनाशक-सहनशील केलेल्या कापसाचं बियाणं पेरलं. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ह्याच झिब्रा माशावर काम चालतं. ह्या माशाचं दुखावलेलं हृदय स्वतःहून भरून येतं, आणि त्याच्या अंगातल्या एका प्रथिनामुळे झिजलेली मणक्यामधली चकतीही भरून येऊ शकते. ते कसं, ह्याचा तिथं शोध घेतात. कुठल्याही प्रयोगशाळेला जनुक बदललेला मासा हाताळायचा तर जैवसुरक्षा समिती नेमावी लागते, नोंदी ठेवाव्या लागतात, मासा गटारात जाणार नाही ह्याची तजवीज करावी लागते. तुम्हाला काय लागतं? ऑक्सिजन भरलेली प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड. शास्त्रज्ञ होण्यापेक्षा गिऱ्हाईक होणं किती सोयीचं आहे बघा.

वांग्याची चूक एवढीच की ते निळ्या लाईटखाली चमकत नाही. चमकलं असतं तर आज प्रत्येक फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीत असतं.

युरोपात ह्या माशांची विक्री बंद आहे. 2006 साली नेदरलँड्समध्ये दुकानांतून असे 1,400 मासे सापडले तर सरकारी खात्यानं केवढा गहजब केला. कॅलिफोर्नियानंही 2015 पर्यंत त्यांना दाराबाहेर उभं केलं होतं. ब्राझीलमध्ये 2022 साली संशोधकांनी कळवलं की मत्स्यपालन केंद्रांजवळच्या ओढ्यांत लाल आणि हिरवे डॅनियो मोकळे फिरताहेत, खाताहेत, पिल्लंही घालताहेत. ती तर ह्या माशाला परकी भूमी. आपल्या ओढ्या-नद्यांत ह्याचे सख्खे नातेवाईकच राहतात, तेव्हा इथं सोयरीक जमायला मध्यस्थही लागायचा नाही. पण हा विचार तुमचा नाही. तुमच्या टाकीला झाकण आहे.

बजेटचा प्रश्न असेल तर खरे ग्लो न घेता रंगवलेले घ्या. इथं मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण ह्या कारागिरीची लोकांना कदरच नाही. आपल्या नद्या-तळ्यांत काचमासा असतो. अंग इतकं पारदर्शक की मणका आणि पोटातली चंदेरी पिशवी बाहेरून दिसते. सगळा मासा दिसतो आणि रंग मात्र नाही, म्हणजे निसर्गानं काम अर्धवट टाकलेलं. मग एक माणूस बसतो, दोन बोटांएवढा तो मासा चिमटीत धरतो आणि सुई टोचून पाठीच्या कडेनं रंग भरतो. एकदा नव्हे, अनेकदा. उलटवतो, दुसऱ्या बाजूला तेच. दुकानात अशा माशाकडे जवळून बघा: पाठीवर आणि पोटाखाली गुलाबी किंवा पोपटी रेघ असते, दोन्ही बाजूंना सारखी, आणि मधे पूर्वीचीच काच. रेघेची कड थोडी फुटलेली असते. शाईपेन गळलं की कागदावर उमटते तशी.

दुसरी रीत रंगात बुडवण्याची. माशाच्या अंगावर चिकट बुळबुळीत थर असतो, तो त्याचं रोगराईपासून रक्षण करतो. आधी तो तीव्र द्रावणानं उतरवतात, मग मासा रंगात, मग चिकट थर पुन्हा धरावा म्हणून आणखी एका झोंबणाऱ्या द्रावणात. पांढरे विडो टेट्रा अशा तऱ्हेनं निळे-गुलाबी होतात. जे ह्यातून वाचतात ते तुमच्या घरी येतात. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात काही जणांनी टोचलेल्या काचमाशांची तपासणी केली तेव्हा त्यांच्यात अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य आजार फार मोठ्या प्रमाणात दिसला. असतील बुवा गाठी. लांबून मोत्यासारख्या दिसतात.

रंगवलेल्या माशाचा रंग काही महिन्यांत उडतो. ह्याला तोटा समजू नका. भिंतीचा रंगही दिवाळीला बदलतोच की.

आणखी हौस असेल तर पॅरट मासा घ्या. हा संकरातून तयार केलेला, आणि त्याचं तोंड धड मिटत नाही. पाहुण्यांना वाटतं हसतोय. त्याच्या अंगावर बदामाची किंवा चिनी अक्षरांची नक्षी गोंदवूनही मिळते. मूळ सह्याद्रीचं काही हवं असा हट्ट असेल, तर डेनिसन बार्ब नावाचा एक आहे, केरळ-कर्नाटकाच्या नद्यांतला. 2013 मध्ये त्याच्या वंशाला नावच ‘सह्याद्रिया’ दिलं गेलं. अंगावर एक लाल पट्टी, एक काळी. जगभरच्या शौकिनांनी नदीतून इतका उपसून नेला की आता धोक्यातल्या यादीत आहे. पण लाल पट्टी जन्मजात, शेड बदलून मिळत नाही. सोडा.

निवड झाली. आता घरी. टाकी, रंगीत खडी, प्लास्टिकचं गवत, झाकण उघडमीट करणारी खजिन्याची पेटी आणि मासे हे सगळं एकाच संध्याकाळी आणा. कुणीतरी जाणकार सांगेल की टाकी आधी चार-सहा आठवडे चालवून पाण्यात जिवाणू धरू द्यावेत, नाहीतर माशांच्या विष्ठेतला अमोनिया त्यांनाच मारतो. त्याला विचारा, पाहुण्यांनाही चार-सहा आठवडे थांबायला सांगू का? नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे दोन थेंब टाका आणि समाधानी राहा.

डॅनियो, टेट्रा, बार्ब हे टोळीनं राहणारे मासे, एका जातीचे सहा-आठ तरी लागतात. म्हणून तुम्ही प्रत्येक जातीचा आणि रंगाचा एकेक घ्या. एकटा पडलेला मासा कोपऱ्यात थरथरत उभा राहतो आणि फोटो छान येतो. सोबतीला लांब झालरीचा एंजल सोडा आणि त्याच्या शेजारी पोपटी टायगर बार्ब. बार्बला झालरी कुरतडायची सवय असते, त्यामुळे टाकीत सतत काहीतरी घडत राहतं, मालिकेसारखं. निळी लाईट रात्रंदिवस चालू ठेवा. माशाला पापण्या नसतात, त्याअर्थी झोपही नसणार.

टाकी ईशान्येला ठेवा. मासे नऊ, आठ सोनेरी आणि एक काळा, असं वास्तूवाले सांगतात. तुमचे जांभळे-पोपटी असतील तर त्यावरही उपाय असतो, फक्त त्याची फी वेगळी. ह्या शास्त्राचा खरा उपयोग मात्र मासा उलटा तरंगताना दिसतो तेव्हा होतो. अमोनिया, नायट्राइट, टोचलेली सुई, कुणाकुणाला दोष देत बसणार? म्हणायचं, “घरावरचं संकट घेऊन गेला बिचारा.” दुकानदारही हेच म्हणतो आणि नवा मासा जाळीत धरतो. आठवड्याला चार मासे जात असतील तर विचार करा, तुमच्या घरावर किती संकटं होती!

एकच मासा मरणार नाही, तो म्हणजे सकर. काच साफ करेल म्हणून दुकानदारानं बोटाएवढा दिलेला असतो. तो काच सोडून बाकी सगळं खातो आणि दीड फुटाचा होतो. तेव्हा त्याला पिशवीत घालून जवळच्या तळ्यात किंवा धरणात सोडून या, जीवदानाचं पुण्य लागतं. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात अशी बरीच पुण्याई सापडते. तिच्या काट्यांनी जाळं फाटतं आणि बाजारात तिला भाव नाही.

एवढंही जमत नसेल तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका: ‘दोन फुटी टाकी, टॉप, फिल्टर, निळी लाईट, खजिन्याची पेटी. चालू स्थितीत. सोफा बदलल्यामुळे देणे आहे. सकर सोबत घ्यावा लागेल.’