फर्नला गणित येतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘आफ्रिकेचं गणित’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही विचारलंय की फ्रॅक्टल (तोच आकार लहान होत स्वतःच्याच आत पुन्हा पुन्हा येणं) तर फर्नच्या पानातही दिसतो, पण फर्नला कोणी गणिती म्हणत नाही. मग झांबियातल्या बा-इला लोकांच्या, वर्तुळात वर्तुळं असलेल्या वस्तीला गणिताचा वारसा का म्हणायचं?

आक्षेप रास्त आहे. वस्तीच्या हवाई फोटोवर मी फार भिस्त ठेवली. आकार दिसला म्हणजे गणित सापडलं, असं होत नाही. करणाऱ्याच्या डोक्यात नियम आहे का, हे पाहायला हवं. आफ्रिकेतल्या फ्रॅक्टलांचा अभ्यास करणारे रॉन एग्लॅश यांनी १९९९च्या त्यांच्या पुस्तकात हाच भेद केला आहे, म्हणून ते कारागिरांना जाऊन विचारत होते.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेल प्रदेशातली वारा अडवायची गवती कुंपणं घ्या. खाली लांब काड्यांच्या विरळ ओळी, वर जावं तशा ओळी आखूड आणि दाट. कारण विचारल्यावर कारागिराने सांगितलं की दाट विणायला वेळ आणि काड्या जास्त लागतात, आणि वारा वरच जोराचा असतो. मग खाली कशाला खर्च करायचा? फर्न असं उत्तर देत नाही.

अंगोलातल्या चोक्वे लोकांच्या ‘सोना’ रेखाकृती फ्रॅक्टल नाहीत, तरी तुमच्या प्रश्नाला त्याच नेमकं उत्तर देतात. वाळूत बोटांनी सारख्या अंतरावर ठिपके टेकवायचे (आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण येतेच) आणि बोट न उचलता, काढलेली रेषा पुन्हा न गिरवता सगळे ठिपके वेढायचे. एका प्रकारात रेषा तिरकी धावते आणि कडेला कॅरमच्या स्ट्रायकरसारखी वळते. पाच ओळी, सहा स्तंभ असतील तर एकाच रेषेत काम होतं. चार ओळी, सहा स्तंभ घेतले तर दोन रेषा लागतात. शाळेतला मसावि आठवा: जितका मसावि, तितक्या रेषा. हे सूत्र मोझांबिकचे गणितज्ञ पाउलुस गेर्डेस यांनी मांडलं, चोक्वेंनी ते लिहून ठेवलेलं नाही. पण एका रेषेत पुऱ्या होणाऱ्या आकृतीला तिथे मान होता, आणि त्यासाठी ठिपके किती मांडायचे हे बोट टेकवण्याआधीच ठरवावं लागतं. मुलगे दीक्षाकाळात (वयात येतानाच्या विधींच्या काळात) सोप्या आकृती शिकत. अवघड आकृती ‘अक्वा कुता सोना’ म्हणवणाऱ्या जाणकारांकडे असत. वसाहतींच्या काळात ही विद्या बरीचशी विरली. जे उरलं ते मुख्यतः परक्यांच्या नोंदवह्यांत आहे, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘सिद्धता कुठे आहे?’ असंही तुम्ही विचारलंय. बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णाचा नियम (आपण ज्याला पायथागोरसचा म्हणतो) सिद्धतेशिवायच येतो, तरी आपण त्याला गणित म्हणतो. चोक्वेंसाठी निराळं माप मला लावता येत नाही.

‘आफ्रिकेचं गणित’ हे माझं शीर्षक मात्र चुकलं. झांबिया, साहेल आणि अंगोला एका दावणीला बांधायला नको होते. आज ते बदलतो आहे, आणि बा-इला वस्तीच्या फोटोखालचा दावाही काढून टाकतो आहे.