‘राउटर म्हणजे लिनक्स टाकलेला कॉम्प्युटरच’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचं म्हणणं असं, की जुन्या पीसीत दोन लॅनकार्डं टाकली की राउटर तयार. मग माझ्या लेखात महागड्या स्विचच्या (अनेक कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याच्या) डिझाइनचं एवढं कौतुक कशाला, आणि त्यात ते कर्कश पंखे! घरच्या राउटरबद्दल तुमचं खरंच आहे. नागपुरात धरमपेठेतल्या पाच-दहा जणांच्या ऑफिसलाही तुमचा पीसी आरामात पुरेल.

पण माझा लेख सर्व्हर रूममधल्या 48 पोर्टांच्या (केबल लावायच्या जागांच्या) स्विचबद्दल होता. लॅनच्या केबलवरून, म्हणजे इथरनेटवरून, डेटा तुकड्या-तुकड्यांनी जातो; त्या तुकड्याला फ्रेम किंवा ढोबळपणे पॅकेट म्हणतात. सगळ्यात लहान फ्रेम 64 बाइटची. फ्रेमच्या आधीचे ठरावीक बाइट आणि दोन फ्रेममधलं सक्तीचं अंतर धरून 84 बाइट, म्हणजे 672 बिट. 10 गिगाबिटच्या पोर्टवर ती 67.2 नॅनोसेकंदात येऊन जाते. असे 48 पोर्ट एकदम भरून वाहू लागले, तर एका पॅकेटच्या वाट्याला दीड नॅनोसेकंदही येत नाही. साध्या रॅममधून एक नोंद काढायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

म्हणून तिथे बहुतेक पॅकेटं प्रोसेसरकडे जातच नाहीत. कोणतं पॅकेट कुठे पाठवायचं याचे तक्ते प्रोसेसर तयार करून देतो. पुढचं काम एका खास चिपचं. तिच्यात एका टप्प्यावर हेडर (पॅकेटच्या सुरुवातीचा, पत्ता असलेला भाग) वाचलं जातं, पुढच्या टप्प्यावर पत्ता शोधला जातो, त्यापुढे रांग ठरते, आणि त्याच क्षणी प्रत्येक टप्प्यावर वेगळं पॅकेट असतं. अनेक मोठ्या राउटरांत पत्ता शोधायला टीकॅम ही मेमरी असते. ती सगळ्या ओळी एकदम ताडून बघते, म्हणूनच महाग, वीज खाणारी आणि मोजक्या जागेची. ऑगस्ट 2014 मध्ये इंटरनेटचा रूटिंग तक्ता (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या वाटेने जायचं याची यादी) 5,12,000 नोंदींच्या पुढे गेला, तेव्हा तेवढीच जागा राखलेले जुने राउटर ठिकठिकाणी अडखळले. रॅमची एक पट्टी वाढवून सुटणारा हा प्रश्न नव्हता.

राहिले पंखे. झाकण उघडून बघा: मधोमध तळहाताएवढा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा), त्याखाली तीच चिप, आणि पुढून मागे हवा खेचणारी पंख्यांची रांग. ऑफिसातल्या कितीतरी स्विचच्या डेटाशीटवर 40 अंशांची मर्यादा असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि सीताबर्डीतल्या दुकानांत स्विच ठेवतात पोटमाळ्यावर, पत्र्याखाली. ते पंखे काढायचा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका.

चांगल्या सर्व्हरवर डीपीडीके (पॅकेटं वेगाने हाताळणारं सॉफ्टवेअर) वापरून 10 गिगाबिटची लाइन पेलता येते, हे मला मान्य आहे. पण तुमच्या पीसीची चाचणी मोठी फाइल कॉपी करून घेऊ नका. तिची पॅकेटं 1500 बाइटची, म्हणजे त्याच वेगाला संख्या जवळपास अठरापट कमी. पीकेटीजेनने (चाचणीसाठी पॅकेटं सोडणाऱ्या सॉफ्टवेअरने) 64 बाइटची पॅकेटं सोडा आणि सेकंदाला किती पार होतात ते इथेच लिहा.