शेवंतीची झोपमोड

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर रस्त्याचा दिवा यावा म्हणून मी तीन वर्षे अर्ज खरडले आणि अखेर गेल्या मे महिन्यात, नेमका आमच्या फाटकाला खेटून, तो लागला. मी वाड्यावर पेढे वाटले. शेवंतीचे मत कोणी विचारले नव्हते.

शेवंती बारमाही खरी, पण फुलणार शरद उतरणीला लागल्यावर, आणि तोवर तिला गोव्याच्या पावसातून जिवंत काढणे हे एक व्रतच आहे; कारण कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात आणि इथे तर चार महिन्यांत सुमारे तीन मीटर पाऊस कोसळतो. म्हणून मी तांबड्या मातीत वाळू मिसळली आणि दहाही कुंड्या बल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या, कडेला, पागोळ्यांच्या आत, ओढून घेतल्या. ऑगस्ट अखेरपर्यंत शेंडे खुडले, कारण खुडल्याशिवाय बगलेतून भरपूर फुटवे येत नाहीत. बोटांना तो कडसर वास दिवसभर राही आणि ‘फुले हवीत तर झाड कशाला तोडता?’ हा सौभाग्यवतींचा प्रश्नही. मावा आला, तो साबणाच्या पाण्याने गेला.

चवथ गेली, दसरा आला. झाडे कमरेएवढी, पाने काळीभोर, कळी मात्र एक नाही. मी दिलेल्या फुटव्यांवर शेजारच्या काकूंच्या परसात मात्र कळ्या लगडल्या होत्या. काकूंनी दृष्ट काढण्यासाठी मिरच्या पाठवल्या. खरे कारण फाटकाशी उभे होते. १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूसारख्या झाडांवर दाखवून दिले की काही झाडांचे फुलणे दिवसरात्रीच्या लांबीवर ठरते. शेवंती त्यातलीच, तिला सलग लांब अंधार लागतो. हरितगृहवाले तिचा बहर पुढे ढकलण्यासाठी मध्यरात्री मुद्दाम दिवे लावतात. माझ्याकडे ही सेवा सरकारी खर्चाने, तीही रात्रभर, चालू होती.

मग रोज संध्याकाळी सहाला फ्रिजची खोकी आणि जुनी घोंगडी घालून कुंड्या झाकायच्या आणि सकाळी सातला उघडायच्या, असा माझा नित्यक्रम सुरू झाला. त्यामुळे आम्हाला संध्याकाळचे कुठे जाता येईना. एका परिचिताने घोंगडीखाली नाक घालून, ‘माडाची फेणी की काजूची?’ असे हळूच विचारले.

दिवाळीला हार बाजारातूनच आणला. व्हडल्या दिवाळीच्या, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या, सकाळी, तुळशीवृंदावन रंगवताना, मिरीच्या दाण्याएवढी पहिली कळी दिसली आणि डिसेंबरात दहाही कुंड्या पिवळ्याधमक झाल्या. त्याच आठवड्यात रस्त्याचा दिवा आपणहून विझला. दुसऱ्या दिवशी शेजारी दुरुस्तीचा अर्ज घेऊन आले. जुने अर्जदार म्हणून पहिली सही माझीच हवी होती. ‘ठेवून जा, वाचून करतो,’ असे मी म्हटले, आणि तो कागद पाझरणाऱ्या एका कुंडीखाली जपून ठेवला आहे.